शिक्षणाचा खर्च आणि कर्जाची जोखीम

बारावीचा निकाल लागला आणि सामायिक प्रवेश परीक्षेचे गुण हाती आले की महाराष्ट्रातील सामान्य पगारदाराच्या घरात दोन प्रकारची आकडेमोड सुरू होते. मुलाला किंवा मुलीला कोणत्या महाविद्यालयात प्रवेश मिळेल, ही पहिली. आणि त्या महाविद्यालयाचे शुल्क कोठून भरावयाचे, ही दुसरी. पूर्वी पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसरा फारसा जड जात नसे. आता अनेक कुटुंबांत दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच पहिल्याचे उत्तर ठरते. राज्यातील अनेक विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे वार्षिक शुल्क लाखाच्या घरात किंवा त्याहून वर गेले आहे. खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांत तर वर्षाला कित्येक लाख मोजावे लागतात. वसतिगृह, खाणावळ, पुस्तके आणि प्रवास यांचा खर्च निराळाच. साहजिकच बचत, भविष्य निर्वाह निधीतील उचल, दागिने आणि शेवटी बँकेचे शैक्षणिक कर्ज, या क्रमाने पालकांची पावले पडतात.

या परिस्थितीची चर्चा बहुधा ‘शिक्षण महाग झाले’ या तक्रारीपाशी थांबते. तक्रार खरी आहे, पण ती अपुरी आहे. शिक्षणाला खर्च येतोच, आणि तो विद्यार्थ्याने भरला नाही तर करदात्याने भरावा लागतो. तेव्हा खर्च कोणी उचलावा हा एक प्रश्न झाला. त्याहून महत्त्वाचा, पण क्वचितच विचारला जाणारा प्रश्न असा की, शिक्षण घेऊनही अपेक्षित रोजगार मिळाला नाही तर त्या अपयशाची जोखीम कोणी सोसावी? गेल्या चार दशकांत शुल्काचा बोजा जसा शासनाकडून कुटुंबाकडे सरकला, तशीच ही जोखीमही सरकली आहे. पहिला बदल सर्वांना दिसला. दुसरा मात्र कोणत्याही धोरणपत्रिकेत न लिहिला जाता घडून आला.

१९८३ चे वळण

यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वार्षिक १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना शुल्कमाफीची सवलत मिळाली. ‘ई. बी. सी.’ या तीन अक्षरांनी खेड्यापाड्यांतील एका संपूर्ण पिढीला महाविद्यालयाचे दार उघडले. त्याआधी राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात वसतिगृहांची चळवळ उभी केली होती, आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा व शिका’ हे सूत्र प्रत्यक्षात आणले होते. या सर्व प्रयत्नांत एक समान धागा होता. गरीब विद्यार्थ्याने श्रम करावेत, काटकसर करावी, पण शिक्षण संपताना त्याच्या डोक्यावर ऋण असू नये, हा तो धागा होय.

ही व्यवस्था कला, विज्ञान आणि वाणिज्य या शाखांपुरती चांगली चालली. व्यावसायिक शिक्षणात मात्र जागाच तुटपुंज्या होत्या. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, मुंबईची व्हीजेटीआय आणि इतर मोजक्या संस्था यांत ज्यांना प्रवेश मिळत नसे, त्यांतील ऐपतदारांची मुले देणगी भरून कर्नाटकात जात. राज्याचा पैसा आणि विद्यार्थी दोन्ही बाहेर जात असताना, १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास मुभा दिली. या निर्णयावर पुष्कळ टीका झाली. तरीही त्याचे श्रेय नाकारणे न्यायाचे होणार नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये उभी राहिली, आणि पुढे संगणक व्यवसायाची भरभराट झाली तेव्हा महाराष्ट्राकडे अभियंत्यांची फौज तयार होती.

पण या निर्णयाने एक तत्त्वही रुजवले. तिजोरीतून पैसा न घालता शिक्षणाचा विस्तार करता येतो, असा शोध शासनाला लागला. एकदा हा शोध लागल्यावर शासकीय महाविद्यालयांतील जागा लोकसंख्येच्या व मागणीच्या प्रमाणात वाढवण्याची निकड उरली नाही. पुढच्या साऱ्या वादांचे मूळ या ठिकाणी आहे.

न्यायालयांतून आलेले धोरण

जे धोरण विधिमंडळाने ठरवावयाचे, ते नंतरच्या काळात मुख्यतः न्यायालयांत ठरत गेले. देणगीच्या उघड बाजाराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा केला. १९९२ मध्ये मोहिनी जैन प्रकरणी सर्वोच्च न्यायालयासमोर कर्नाटकातील खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांचे दर आले. शासकीय कोट्यातील विद्यार्थ्याला वर्षाला २ हजार रुपये, राज्यातील इतर विद्यार्थ्यांना २५ हजार आणि परराज्यातून येणाऱ्यांना ६० हजारांपर्यंत, असे ते होते. न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. लगेच पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, उन्नीकृष्णन प्रकरणात निम्म्या जागा अल्प शुल्काच्या आणि निम्म्या पूर्ण शुल्काच्या अशी वाटणी करण्यात आली. ऐपत असलेल्याने ऐपत नसलेल्याचा भार काही अंशी उचलावा, ही त्यामागची कल्पना होती.

२००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणी अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना मोडीत काढली. खाजगी संस्थांना आपले शुल्क ठरवण्याचा अधिकार मान्य झाला. विकासासाठी वाजवी शिल्लक उरावी, परंतु नफेखोरी होऊ नये, अशी मर्यादा घालण्यात आली. नफेखोरी कोणती आणि वाजवी शिल्लक कोणती, हे ठरवण्यासाठी २००३ च्या इस्लामिक अकॅडमी प्रकरणानंतर निवृत्त न्यायमूर्तींच्या समित्या आल्या. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने त्या जागी शुल्क नियामक प्राधिकरण स्थापन झाले.

हे प्राधिकरण संस्थेच्या लेखापरीक्षित खर्चाच्या आधारे शुल्क ठरवते. वरवर पाहता ही पद्धत निर्दोष वाटते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र तिच्यात एक मूलभूत दोष आहे. ज्या व्यवसायात किंमत झालेल्या खर्चावरून ठरते, तेथे खर्च कमी करण्याचे कारण कोणालाच उरत नाही. जो काटकसर करील त्याचे शुल्क कमी ठरेल, आणि जो इमारती, वाहने व जाहिराती यांवर सैल हाताने खर्च करील किंवा तसा दाखवू शकेल, त्याला अधिक शुल्क मागता येईल. शिवाय खर्च कशावर झाला यापेक्षा तो किती झाला याला महत्त्व येते. म्हणूनच एकीकडे शुल्क चढत असताना दुसरीकडे पूर्णवेळ अध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या तुटपुंज्या मानधनावर वर्ग चाललेले, हे विसंगत चित्र दिसते. विद्यार्थी अधिक पैसे देतो, पण ते शिकवणाऱ्यापर्यंत पोचतातच असे नाही.

दिल्लीतील विचारप्रवाह

केंद्रातही याच सुमारास वारे फिरले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या न्या. पुन्नय्या समितीने विद्यापीठांनी आवर्ती खर्चापैकी १५ टक्के रक्कम स्वतः उभी करावी आणि दहा वर्षांत हे प्रमाण २५ टक्क्यांवर न्यावे, अशी शिफारस १९९३ मध्ये केली. १९९७ मध्ये अर्थ मंत्रालयाने अनुदानांविषयी जी चर्चापत्रिका काढली, तिच्यात प्राथमिक शिक्षणाला समाजहिताची सेवा मानून उच्च शिक्षणाला मात्र त्या वर्गातून वगळण्यात आले. २००० मध्ये बिर्ला-अंबानी अहवालाने आणखी पुढे जाऊन, उच्च शिक्षणात जो वापरतो त्याने मोल द्यावे, ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने कर्ज काढावे, असे सुचवले. २००१ मध्ये भारतीय बँक संघाची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली, ती या वातावरणात.

पुढचा क्रम याच दिशेने गेला. आयआयटीचे वार्षिक शुल्क २०१३ मध्ये ५० हजारांवरून ९० हजार आणि २०१६ मध्ये २ लाख रुपये झाले. अनुसूचित जाती-जमातींच्या व अल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना त्यात माफी वा सवलत आहे, हे खरे. पण ज्या कुटुंबाचे उत्पन्न सवलतीच्या मर्यादेपेक्षा थोडेसेच अधिक आहे, त्याला पूर्ण भार सोसावा लागतो. २०१७ मध्ये उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था स्थापन होऊन केंद्रीय संस्थांनाही इमारती आणि उपकरणांसाठी अनुदानाच्या ठिकाणी कर्ज देण्याची प्रथा सुरू झाली. संस्थेलाच मुद्दल फेडावयाचे असेल, तर आज ना उद्या ते शुल्कातच शोधले जाणार, हे उघड आहे.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, असे म्हटले होते. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही राष्ट्रीय धोरणांत हा आकडा श्रद्धेने लिहिला गेला. प्रत्यक्षात तो अद्याप गाठलेला नाही. न गाठलेल्या या टक्क्यांचे ओझे जेथे पडले, त्यांतील एक जागा म्हणजे पालकांचे बँक खाते होय.

फुल्यांचा आक्षेप

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो मराठी वाचकाला नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी, सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाची सोय होते, असे परखडपणे सांगितले. बहुजनांच्या मुलांना साधी शाळा नसताना महाविद्यालयांवर पैसा उधळणे त्यांना अन्यायाचे वाटले. शुल्कवाढीचे आजचे समर्थक हाच युक्तिवाद वेगळ्या शब्दांत मांडतात. पदवीधराला पुढे अधिक पगार मिळतो, मग त्याच्या शिक्षणाचा खर्च शेतमजुराने का द्यावा?

हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. श्रीमंत घरातील मुलाला जवळजवळ फुकट शिक्षण मिळावे, यात सामाजिक न्याय नाही. परंतु १८८२ ची आणि आजची परिस्थिती यांत एक मोठा फरक आहे. तेव्हा महाविद्यालयांत मूठभर वरच्या जातींची मुले होती. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या सुमारे ४ कोटी ३३ लाख होती. शेतकरी, कारागीर, रिक्षाचालक आणि शिपाई यांच्या घरांतून प्रथमच महाविद्यालयात येणारी मुलेमुली त्यांत फार मोठ्या संख्येने आहेत. फुल्यांनी ज्यांच्या वतीने तक्रार केली, त्यांची पणतवंडे आता वर्गात बसली आहेत. आणि नेमक्या याच वेळी शासनाने खर्चातून हात आखडता घेतला. फुल्यांच्या आक्षेपाचा आधार घेऊन त्यांच्याच वारसांना कर्जाकडे ढकलणे, हा त्या विचाराचा विपर्यास होय.

शिवाय पदवीधराला अधिक पगार मिळतो हे विधान सरासरीचे आहे. सरासरी ही संख्याशास्त्रातील सोय आहे. कर्जाचा हप्ता मात्र सरासरी पदवीधर भरत नाही. तो एकेका विद्यार्थ्याला त्याच्या वाट्याला आलेल्या पगारातून भरावा लागतो.

हप्त्याचे गणित

एक साधे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होईल. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या आरंभी सव्वा लाख याप्रमाणे एकूण ५ लाख रुपये कर्ज घेतले, व्याजाचा दर १० टक्के आहे, आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाने परतफेड सुरू होते, असे समजू. या पाच वर्षांच्या काळात सरळव्याजाने १ लाख ७५ हजार रुपये व्याज साचते. म्हणजे पहिला हप्ता भरण्यापूर्वीच देणे ६ लाख ७५ हजार झालेले असते. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सुमारे ८,९२० रुपये भरावे लागतील. एकूण परतफेड १० लाख ७० हजारांच्या आसपास जाईल. मुदत पंधरा वर्षांची केली तर हप्ता सुमारे ७,२५० रुपयांवर येतो, पण एकूण रक्कम १३ लाखांच्या पुढे जाते.

आता याच वर्गातील दोन विद्यार्थी पाहा. एकाला दरमहा ४० हजारांची नोकरी लागली, तर दहा वर्षांच्या मुदतीचा हप्ता त्याच्या पगाराचा पाचवा हिस्सा आणि थोडा अधिक होतो. ओढाताण होईल, पण निभेल. दुसऱ्याला २० हजारांची नोकरी मिळाली, तर जवळजवळ ४५ टक्के पगार हप्त्यात जातो. पुण्यात किंवा मुंबईत खोलीचे भाडे आणि जेवण भागवून उरलेल्या पैशांतून तो घरी काय पाठवणार? तिसऱ्याला वर्षभर नोकरीच लागली नाही, तर हप्ता वडिलांच्या पगारातून किंवा निवृत्तिवेतनातून जातो, कारण पालक सहकर्जदार असतात. शैक्षणिक कर्जातील थकबाकीचे प्रमाण घरांच्या वा वाहनांच्या कर्जापेक्षा अधिक राहिले आहे. तरुणांना कर्ज बुडवण्याची हौस असते म्हणून हे घडत नाही. घर किंवा वाहन विकून बँकेला पैसा वसूल करता येतो. पदवी विकता येत नाही आणि तिचे मोल नोकरीच्या बाजारावर अवलंबून असते, हे याचे मुख्य कारण आहे. मिल्टन फ्रीडमन यांच्यासारख्या खुल्या बाजाराच्या कट्टर पुरस्कर्त्यानेही १९५५ मध्ये ही अडचण मान्य केली होती, आणि शिक्षणासाठी ठरावीक हप्त्याचे कर्ज हे योग्य साधन नाही, असे मत मांडले होते.

कर्जाचा परिणाम केवळ खिशावर होत नाही. ज्याला पहिल्या महिन्यापासून हप्ता भरावयाचा आहे, तो संशोधनाकडे वळत नाही, शाळेत शिकवण्याचा विचार करीत नाही, आणि डॉक्टर असेल तर तालुक्याच्या गावी दवाखाना घालण्यास धजत नाही. कोणता विषय आवडतो यापेक्षा कोणत्या विषयाला लगेच नोकरी आहे, हे पाहून शाखा निवडली जाते. ज्या वर्षी सर्वजण एकाच शाखेकडे धावतात, त्यानंतर चार वर्षांनी त्या शाखेत नोकऱ्यांची टंचाई होण्याचा संभव मोठा असतो. मात्र तोवर कर्ज झालेले असते.

सवलती आणि त्यांच्या मर्यादा

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. २००९ पासून वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या कर्जावरील शिक्षणकाळातील व्याज केंद्र सरकार भरत आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ८६० निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारण व जामीनदार यांशिवाय कर्ज, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत देऊ केली आहे. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्म्या शुल्काची प्रतिपूर्ती होते. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हा निर्णय स्वागतार्ह आहे. त्यामुळे अनेक घरांत मुलीच्या शिक्षणाविषयीचा निर्णय बदलला असेल, यात शंका नाही.

पण या सवलतींना तीन मर्यादा आहेत. पहिली, उत्पन्नाच्या मर्यादेची. मर्यादेच्या एक रुपया आत असणाऱ्याला सारे मिळते आणि एक रुपया बाहेर असणाऱ्याला काहीच मिळत नाही. पगारदाराचे उत्पन्न पैशापर्यंत नोंदलेले असते; व्यापारी व बागायतदार यांचे तसे नसते. म्हणून या रेषेचा फटका प्रामाणिकपणे नोंदलेल्या उत्पन्नाला अधिक बसतो. दुसरी, प्रतिपूर्तीच्या विलंबाची. शासनाकडून रक्कम उशिरा आली की महाविद्यालय विद्यार्थ्याकडे तगादा लावते, आणि ज्या सवलतीने कर्ज टळावयाचे, तिच्याच प्रतीक्षेत कर्ज काढावे लागते. तिसरी मर्यादा सर्वांत मूलगामी आहे. प्रतिपूर्ती काय किंवा कर्ज काय, दोन्ही साधने विद्यार्थ्याच्या हाती पैसा देतात. शुल्क कमी करीत नाहीत. पैसे भरणारा दुसराच कोणी असला की मागणाऱ्याचा संकोच कमी होतो.

या ठिकाणी एक विषमता ध्यानात घेतली पाहिजे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जांसाठी केंद्राने २०१५ मध्ये हमी निधी उभारला. कर्ज बुडाले तर थकलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई बँकेला त्यातून मिळू शकते. म्हणजे बँकेची जोखीम शासनाने मोठ्या प्रमाणात पत्करली. महाविद्यालयाला तर शुल्क आधीच मिळालेले असते, त्याची जोखीम शून्य. उरला विद्यार्थी. त्याला नोकरी लागली नाही, तर त्याच्यासाठी कोणताही हमी निधी नाही.

इतर देशांचा अनुभव

ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये या पेचावर एक तोडगा काढला. अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन यांच्या सल्ल्याने तेथे शुल्क सुरू झाले, परंतु ते शासनाने आधी भरावयाचे आणि पदवीधराने उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर गेल्यावरच प्राप्तिकराबरोबर फेडावयाचे, अशी व्यवस्था केली गेली. उत्पन्न नसेल त्या वर्षी हप्ता नाही. देणे महागाईच्या मानाने वाढते, बाजारातील व्याजदराने नव्हे. जोखीम येथे संपूर्ण समाजात वाटली जाते.

इंग्लंडने हीच कल्पना घेतली. पण तिचा उपयोग शुल्क वाढवण्याची सोय म्हणूनही झाला. १९९८ मध्ये तेथे वर्षाला हजार पौंड असलेले शुल्क २००६ मध्ये ३ हजार आणि २०१२ मध्ये ९ हजार पौंडांपर्यंत गेले. चौदा वर्षांत नऊपट. पूर्वी तीस वर्षांनंतर उरलेले कर्ज माफ होत असे. २०२३ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी ती मुदत चाळीस वर्षे करण्यात आली. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या कर्जाची थकीत रक्कम दीड लाख कोटी डॉलरच्या पुढे गेली. ती अंशतः माफ करण्याची अध्यक्ष बायडेन यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केली. तेथे उत्पन्नावर आधारलेल्या हप्त्यांची सोय होती. परंतु हप्ता व्याजापेक्षा लहान असल्याने वर्षानुवर्षे फेडूनही मुद्दल वाढत गेल्याची उदाहरणे पुष्कळ घडली. उलट जर्मनीतील काही राज्यांनी शुल्क लावून पाहिले आणि २०१४ पर्यंत सर्वांनी ते मागे घेतले.

या अनुभवांतून दोन धडे निघतात. हप्ता उत्पन्नाशी बांधणे आवश्यक आहे, हा पहिला. तेवढ्याने भागत नाही, शुल्कावर आणि व्याजावर लगाम नसेल तर तीच सोय गळफास होते, हा दुसरा.

कोणता मार्ग?

भारतात ऑस्ट्रेलियाची व्यवस्था जशीच्या तशी आणता येणार नाही. येथे असंघटित क्षेत्रातील उत्पन्न नोंदले जात नाही आणि परदेशी गेलेल्या पदवीधराकडून वसुली कठीण आहे. पण ही अडचण सर्वांना लागू नाही. नोंदलेल्या पगाराच्या नोकऱ्यांत प्राप्तिकराची कपात दर महिन्याला होतेच, आणि कर्जदाराचा स्थायी खाते क्रमांक बँकेपाशी असतोच. निदान या वर्गापुरता हप्ता उत्पन्नाच्या ठरावीक अंशाहून, समजा दहाव्या हिश्शाहून, अधिक असू नये, आणि उत्पन्न नसलेल्या काळात तो आपोआप थांबावा, असा नियम करणे अशक्य नाही. मात्र वरच्या उदाहरणात २० हजारांच्या पगाराचा दहावा हिस्सा २ हजार रुपये होतो, तर ६ लाख ७५ हजारांवरील व्याजच दरमहा साडेपाच हजारांच्या वर जाते. म्हणून व्याजाचा दर महागाईच्या पातळीवर आणून फरक तिजोरीने सोसावा लागेल. यात तिजोरीवर भार पडेल, हे लपवण्याचे कारण नाही. पण त्याचा एक लाभही आहे. विद्यार्थ्याच्या अपयशाची किंमत शासनाला मोजावी लागू लागली की, शुल्क किती आणि शिक्षण कसे, याकडे शासन आजच्यापेक्षा अधिक बारकाईने पाहील.

दुसरी सुधारणा शुल्क नियमनाची. केवळ झालेला खर्च पाहून शुल्क ठरवण्याऐवजी, त्यातील किती भाग पूर्णवेळ अध्यापक, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांवर गेला, हे पाहिले पाहिजे. प्रत्येक महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना कोणत्या पगाराची नोकरी मिळाली आणि किती जणांचे कर्ज थकले, याची पडताळलेली माहिती प्रवेशापूर्वी पालकांसमोर आली पाहिजे. आज ही माहिती जाहिरातींतून मिळते, आणि जाहिरातीत फक्त सर्वांत मोठा पगार छापला जातो.

तिसरी आणि अखेरची गोष्ट म्हणजे शासकीय व अनुदानित महाविद्यालयांतील जागा आणि अध्यापक वाढवणे. खाजगी शुल्काला खरा लगाम समित्या घालू शकत नाहीत; शेजारी असलेले चांगले शासकीय महाविद्यालय तो घालते. मराठवाडा, विदर्भ, कोकण आणि खानदेश येथील विद्यार्थ्यापुढे असा पर्याय उभा असेल, तर कर्ज ही निवड राहील, सक्ती राहणार नाही.

महाराष्ट्राची शैक्षणिक परंपरा विद्यार्थ्याला श्रमाची सवय लावणारी होती. त्याला ऋणको बनवणारी नव्हती. आज पदवीदान समारंभात पदवी घेणाऱ्या अनेक हातांना पुढच्या दहा-पंधरा वर्षांचे हप्ते आधीच बांधलेले असतात. शिक्षणाचा लाभ समाजालाही होतो, हे जर सर्वांना मान्य असेल, तर ते शिक्षण एखाद्याच्या बाबतीत फळाला आले नाही तेव्हा होणारा तोटाही समाजाने काही अंशी वाटून घेतला पाहिजे. येत्या अर्थसंकल्पांत नव्या योजनांची नावे किती आली, यापेक्षा ही वाटणी किती बदलली, यावरून शासनाच्या शैक्षणिक धोरणाची पारख व्हावी.